बायकोला बंदूक घरात नको आहे, मग ठेवायची कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिराळा तालुक्यात चांदोलीच्या जंगलाच्या अंगाला शेती. वडिलांचं, म्हणजे तात्यांचं वय ७२. पीक संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बारा बोअरची डबल बारी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, त्यांच्या नावावर आहे, आणि तिला तीस वर्षं होऊन गेली. आता परवाना मुलाच्या नावावर करायचं चाललंय. घरात नऊ आणि चार वर्षांची दोन मुलं. सूनबाईंनी सरळ सांगून टाकलंय की बंदूक या घरात राहणार असेल तर मी मुलांना घेऊन माहेरी जाते. म्हणून हे गृहस्थ विचारतात, मळ्यातल्या खोलीत लोखंडी पेटीत कुलूप घालून ठेवली आणि घरी 'दुकानात जमा केली' असं सांगितलं, तर चालेल का? आणि घरातच ठेवायची झाली, तर तिच्या नजरेला पडणार नाही अशी कुठे ठेवावी?

मी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारांची निगा आणि दुरुस्ती बघणारा, होतो. निवृत्तीनंतर साताऱ्यात एका परवानाधारक दुकानात दुरुस्तीचं आणि जमा शस्त्रांचं काम बघतो. हा प्रश्न काउंटरवर बरेच जण विचारतात, फक्त आवाज खाली करून. तुम्ही मोकळेपणानं विचारलात हे बरं केलंत.

मळ्यातली खोली नाही. घरात सांगून एक आणि करायचं दुसरं, हेही नाही. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून वेगवेगळी सांगतो.

मळ्यातल्या खोलीचं आधी. परवान्यासाठी अर्ज करताना एस-२ नमुन्यात शस्त्राचा सुरक्षित वापर आणि सुरक्षित साठवण यांची हमी तुम्ही स्वतःच्या सहीनं देता. बहुतेक लोक ती न वाचताच सही ठोकतात. रात्री जिथे माणूस नसतो, पत्र्याच्या दाराला बाहेरून कडी असते आणि मोटार चालू करायला गडी ये-जा करतो, अशा ठिकाणी शस्त्र ठेवून ती हमी पाळली असं कुठलाही अधिकारी म्हणणार नाही. परवान्याची अट मोडणं हा शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३० खाली गुन्हा आहे. बरं, मळ्यातून पंप आणि केबल चोरीला जातात हे तुम्हाला मी सांगायला नको. बंदूक गेली तर तत्काळ जवळच्या पोलीस ठाण्यात खबर द्यावी लागते. मग ती तिथे का होती, कुणाला माहीत होतं, याची उत्तरं द्यायची वेळ येते. आणि चोरीच्या बंदुकीनं पुढे काही घडलं, तर पहिला तपास तुमच्या दारातून सुरू होतो.

आता वहिनींना अंधारात ठेवण्याचं. इथे मी नवराबायकोच्या विश्वासावर प्रवचन देणार नाही, ते तुमचं तुम्ही बघा. माझं कारण धंद्यातलं आहे. उद्या तुम्हाला काही झालं, तर त्या बंदुकीचं काय करायचं हे वहिनींनाच निस्तरावं लागणार आहे. परवानाधारक गेला की त्याच दिवसापासून घरातल्या कुणालाही ते शस्त्र ठेवण्याचा अधिकार उरत नाही. कलम २१ सांगतं की अशा वेळी विनाकारण विलंब न करता ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध झालं तरी माळ्यावर बंदूक तशीच पडून, अशी घरं मी पाहिली आहेत. त्यातल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पण विनापरवाना शस्त्र बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. तुम्ही 'दुकानात आहे' असं सांगून ठेवलंत, आणि पुढे मळ्याच्या खोलीत ती गड्याला सापडली, तर दुखवट्याच्या घरात पोलीस येतील आणि बोलायला पुढे व्हावं लागेल त्याच बाईला, जिनं ती नको म्हटलं होतं. म्हणून परवान्याची वही कुठे, शस्त्र कुठे, काडतुसं किती आणि कुठे, कुठल्या दुकानाला फोन करायचा, एवढं घरच्या बाईला ठाऊक असलंच पाहिजे. तिचा विरोध असेल तर जास्तच.

आपल्याकडे परवान्यासाठी पत्नीची संमती लागते असं नियमात कुठे नाही. कॅनडात अर्जावर नवऱ्याची किंवा बायकोची सही मागतात, आणि सही नसली तर अधिकारी त्या माणसाला स्वतः कळवतात. आपल्या कलेक्टर कचेरीत तसा रकाना नाही. पण तिच्या विरोधाला कायद्यात किंमत नाही असं समजू नका. सातारा आणि सांगली दोन्हीकडे परवाना देणारे जिल्हादंडाधिकारी, आणि त्यांना अहवाल पाठवणारे पोलीस अधीक्षक. घरात धोका वाटतो असा तिचा साधा अर्ज तिथे गेला तर त्याची चौकशी होते, आणि कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार त्यांना आहे. घरगुती हिंसाचाराचं प्रकरण असेल तर २००६ च्या नियमांप्रमाणे कोर्टातले न्यायदंडाधिकारी लेखी आदेश देऊ शकतात, आणि संरक्षण अधिकारी पोलिसांची मदत घेऊन त्यात गुंतलेलं शस्त्र जप्त करवू शकतात. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. शिराळ्यातल्या किती घरांत कुणी कचेरीपर्यंत जातं? पण ती गेली नाही याचा अर्थ तिचं म्हणणं निकालात निघालं असा होत नाही.

साताऱ्याकडच्या लोकांना मी नेहमी एक विचारतो. तुमच्या घरात, भावकीत कुणी ना कुणी फौजेत असेलच. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आपल्याच जिल्ह्यात आहेत. त्या फौजीला विचारा, रात्री रायफल कुठे असते? शांततेच्या ठिकाणी ती कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात असते. कोताला कुलूप, कुलपाला सील, बाहेर संतरी, रजिस्टरला रायफलचा बट नंबर आणि सही. दारूगोळा वेगळ्या इमारतीत, वेगळ्या चावीखाली. ज्या माणसाचं आयुष्य हत्याराबरोबर गेलं, त्यालाही फौज रात्री उशाशी हत्यार देत नाही, कारण फौजेला माणूस ठाऊक आहे. थकवा, दारू, घरून आलेला एखादा फोन. आणि इकडे आपण काय करतो, तर तात्यांची डबल बारी दाराआड खुंटीला आणि दोन काडतुसं देव्हाऱ्याच्या फडताळात. वहिनी जे बोलताहेत ते कोतातल्या हवालदाराच्या बोलण्यापेक्षा फार वेगळं नाही.

तेव्हा पेटी घ्यायच्या आधी त्यांना नेमकी कशाची भीती वाटते ते विचारा, आणि उत्तर देण्याची घाई करू नका. मी दुकानात जोडप्यांना समोर बसवून ऐकलंय. वरवर सगळ्यांचा विरोध सारखाच दिसतो, पण आत कारणं निरनिराळी निघतात.

कुणाला मुलांची भीती असते. ती पेटीनं, कुलपानं, बऱ्याच प्रमाणात घालवता येते. कुणाला चोरांची, पोलिसांची, कचेरीच्या हेलपाट्यांची भीती असते. ती माहितीनं जाते. पण काही बायका शेवटी सांगतात, तेही नवरा चहा आणायला बाहेर गेल्यावर, की 'ह्यांना घेतल्यावर भान राहत नाही.' किंवा घरात कुणी पिकावरचं विषारी औषध प्यायलेलं असतं. किंवा सासरे अलीकडे विसरतात, रात्री उठून फिरतात. इथे पेटीचा उपयोग नाही, कारण ज्याच्यापासून धोका आहे त्याच्याच हातात चावी आहे. आपल्या भागात औषधाचा डबा जवळ असतो म्हणून किती जीव गेले ते आपण पाहतोच. औषध प्यायलेल्या माणसाला मिरजेला नेऊन वाचवायची निदान संधी तरी असते. बंदुकीचा प्रयत्न फसणं फार क्वचित, आणि जिवावर उदार होण्याची ती वेळ पुष्कळदा थोड्या तासांची असते. अशा घरात माझं म्हणणं एकच, शस्त्र घराबाहेर, आजच्या आज. आणि त्या माणसासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलतात, त्यावर फोन लावा. तुमच्या पत्रातून तुमच्या घरात असं काही दिसत नाही, पण पत्रात सगळं येत नसतं.

दुसरा प्रश्न वहिनी विचारतीलच, नसेल विचारला तर मी विचारतो. ही बंदूक नक्की कशासाठी हवी आहे? पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. गवा आणि बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्याकडे नळी रोखायचीसुद्धा नाही. रानडुकराच्या बाबतीतही वनखात्याची परवानगी लागतेच. राहिला हवेत बार काढून जनावर पळवण्याचा उपयोग. त्यासाठी आता चांदोलीच्या कडेला निम्म्या लोकांनी कुंपणाला हलका विजेचा झटका देणारं झटका मशीन बसवलंय, आणि गव्याला बाराचा आवाज ओळखीचा झालाय असं शेतकरीच सांगतात. तुमची गरज खरी असेल तर असू द्या, ती तुम्हाला ठाऊक. पण गरज फक्त 'तात्यांची आठवण' एवढीच असेल, तर तेही उघड म्हणा. ते कारण लाजिरवाणं नाही. फक्त आठवणीसाठी ठेवलेल्या वस्तूला उशाशी असण्याची गरज नसते.

इथे बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट सांगतो. परवाना तुमच्या नावावर असणं आणि शस्त्र तुमच्या घरात असणं या दोन वेगळ्या बाबी आहेत. कायद्यानं जमा करायची वेळ आली नसतानाही, केवळ सुरक्षिततेसाठी शस्त्र जमा ठेवण्याची सोय नियमात आहे. परवाना चालू राहतो. ज्या विक्रेत्याच्या परवान्यात सेफ कस्टडीची मुभा आहे तोच ते ठेवू शकतो, म्हणून दुकानात शिरल्यावर पहिल्यांदा ते विचारा. शस्त्राचा नंबर, बोअर, अवस्था, काडतुसांची संख्या आणि तुमचा यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा ओळख क्रमांक, रजिस्टरला लिहून पावती मिळते. भाडं दुकानागणिक वेगळं, पण चांगली पेटी घेऊन बसवण्याच्या खर्चाच्या मानानं किरकोळ. लागेल तेव्हा परवाना दाखवून सोडवून आणायचं, काम झालं की परत. २०१९ पासून परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. नूतनीकरणाला शस्त्र दाखवावं लागतं, त्या वेळी दुकानातून न्यायचं आणि आणून ठेवायचं.

पोलीस ठाण्यातही जमा करता येतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत बऱ्याच परवानाधारकांना तो अनुभव असतो, छाननी समितीच्या यादीत नाव आलं की ठाण्यात नेऊन द्यायची. थोड्या दिवसांसाठी ठीक आहे. वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर मी दुकान सुचवतो, कारण मुद्देमालाच्या खोलीत तुमच्या नळीला कुणी तेल लावत बसणार नाही. तीन पावसाळे तिथे काढलेली एक सुंदर जुनी इंग्लिश डबल बारी माझ्या टेबलावर आली होती, नळीत आतून फोड उठल्यासारखा गंज. पॉलिश करून थोडी सुधारली, पण पहिल्यासारखी झाली नाही.

विट्याकडच्या गलाई व्यावसायिकांचा, म्हणजे सोनंचांदी गाळणाऱ्यांचा, प्रश्न जरा वेगळा असतो. परराज्यात दुकान, सोन्याचांदीची ने-आण, म्हणून पॉइंट ३२ चं रिव्हॉल्वर. धंद्याच्या गावी त्याचा उपयोग समजतो. पण माणूस यात्रेला, लग्नसराईला गावी येतो तेव्हा ते कमरेला किंवा बॅगेत घेऊन येतो. घर पाहुण्यांनी भरलेलं, बॅग पलंगाखाली. तिथे बायका ओरडतात ते शंभर टक्के बरोबर असतं. अशांनी आधी आपला परवाना कुठल्या हद्दीपुरता आहे ते वाचावं, प्रत्येकाचा संपूर्ण भारताचा नसतो. आणि गावी येताना ते तिकडेच जमा करून यावं. लग्नात कुणी हवेत बार काढला तर तोही आता स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

तुमच्याकडे परत येतो. समजा सगळं बोलून झालं, आणि वहिनी म्हणाल्या की ठीक आहे, वर्षातले पीक उभं असतानाचे दोन-तीन महिने घरी ठेवा, एरवी दुकानात. पुष्कळ घरांत तडजोड इथेच येऊन थांबते आणि मला ती आवडते. त्या दोन-तीन महिन्यांसाठी घर असं तयार करा.

कपड्यांचं लोखंडी कपाट म्हणजे शस्त्राची पेटी नव्हे. त्याची चावी दिवसभर कपाटालाच लटकत असते, आणि घरातलं प्रत्येक मूल वाढदिवसाच्या पैशासाठी ते उघडून बसलेलं असतं. बंदुकीला स्वतःची जाड पत्र्याची अरुंद उभी पेटी हवी, आतून भिंतीला बोल्टनं आवळलेली. तुमच्याकडची जुनी घरं पांढऱ्या मातीच्या भिंतींची असतात, त्यात बोल्ट धरत नाही, हलवला की भोक मोठं होतं. म्हणून पेटी जोत्याच्या दगडात किंवा नव्या बांधकामातल्या काँक्रीटच्या खांबाला बसवा. शयनघरात नको, मुलं अभ्यास करतात तिथे नको, स्वयंपाकघराच्या वाफेत नको. कृष्णाकाठचं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी, तळमजल्यावर तर मुळीच नको. २०१९ च्या महापुरानंतर भिलवडी, पलूस भागातून गाळानं भरलेल्या नळ्या दुरुस्तीला आल्या होत्या. लोक जीव वाचवून निघाले, पेटी तिथेच राहिली.

डबल बारीची एक मोठी सोय आहे, ती हातानं सुटी होते. नळीखालचा पुढचा लाकडी तुकडा काढा, बंदूक मोडा, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडा, नळ्या उचलून बाजूला घ्या. झालं. नळ्या एका पेटीत, दस्ता आणि घोड्याचा भाग दुसऱ्या कुलपाखाली. नुसता पुढचा लाकडी तुकडा लपवून भागेल असं काही जण समजतात, ते चुकीचं आहे, तेवढ्यानं बंदूक निकामी होत नाही. नळ्याच वेगळ्या व्हायला हव्यात. सुटी करण्याआधी अंगणात जाऊन, तोंड मोकळ्या दिशेला करून, मोडून दोन्ही चेंबरमधून, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेतून, उजेड दिसतो का ते पाहायचं, दर वेळी, तुम्हीच पाच मिनिटांपूर्वी पाहिलं असलं तरी. काडतुसं तिसऱ्या जागी, छोट्या कुलुपाच्या डब्यात, वेगळ्या चावीनं. परवान्यावर लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही जास्त नाही, आणि डब्यात एक कागद, त्यावर शिल्लक संख्या आणि तारीख.

चावी. सगळ्यांचं घोडं इथे अडतं. चावी देव्हाऱ्यात, घड्याळामागे, तांदळाच्या डब्यात ठेवलेली असते आणि नऊ वर्षांच्या पोराला ती तुमच्याआधी सापडते. 'आमच्या पोरांना जागा माहीत नाही' असं म्हणणाऱ्या आईबापांची मुलं मला दुकानात जागा सांगून गेली आहेत. चावी परवानाधारकाच्या अंगावर हवी, करगोट्याला, जानव्याला, पाकिटाच्या साखळीला, कशालाही.

पण मग वहिनींच्या हाती काय राहिलं? बरेच नवरे मोठं मन करून म्हणतात की चावी तूच ठेव. हे करू नका. परवाना त्यांच्या नावावर नाही. एकट्याला उघडता येईल अशी चावी त्यांच्याकडे दिली, तर ताबा कुणाचा असा प्रश्न उभा राहतो, आणि काडतुसांनाही तोच कायदा लागू आहे. मी सुचवतो ती पद्धत सरकारी कोषागारातली, डबल लॉक. पेटीला दोन कुलपं. एक चावी तुमची, एक त्यांची. दोघं समोर असल्याशिवाय पेटी उघडत नाही. त्यांना एकटीला शस्त्रापर्यंत पोचता येत नाही, आणि तुम्हालाही रागाच्या भरात, बांधावरच्या भांडणातून उठून येऊन एकट्याला पोचता येत नाही. माझ्या मते यात ताबा तुमच्याकडेच राहतो, तरी तुमच्या वकिलांना एकदा विचारून घ्या. आणि जास्तीचं कुलूप नको असेल तर कोतातली युक्ती करा. पेटीच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवायची, तिच्यावर दोघांची सही आणि तारीख. पट्टी फाटली की पेटी उघडली हे कळतं. एक चिठोरं आहे, पण ज्या बाईला शंका आहे तिला रात्री झोप लागायला तेवढं पुष्कळ होतं.

यावर कुणी म्हणेल, चोर आले तर दोन कुलपं उघडत बसायचं का? तुमचा परवाना पीक संरक्षणाचा आहे. गवा उसात शिरला तर दहा मिनिटं उशीर झाल्यानं काही बिघडत नाही. आणि अंधारात, झोपेतून उठून, घरात चार माणसं इकडेतिकडे असताना छऱ्याचं काडतूस उडवणाऱ्यानं घरातलं कोण कुठे उभं आहे याचा आधी विचार करावा.

निगेबद्दल थोडं, कारण शिराळ्याच्या पश्चिमेला, पाटणला, जावळीत पाऊस बंदुकीला चोरांपेक्षा जास्त छळतो. कापडी किंवा चामडी गवसणीत घालून ठेवू नका. गवसणी दमट हवा धरून ठेवते आणि लोखंड आतल्या आत खाते. पेटीत उघडीच ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या अधूनमधून उन्हात वाळवा. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी नळीतून कोरडी चिंधी, मग तेलाची चिंधी, हलका हात. खोबरेल नको, ते चिकटून बसतं. नळ्या तोंड खाली करून उभ्या ठेवा, म्हणजे तेल निथळून लाकडात मुरत नाही. दस्त्याला सांध्यापाशी चीर जाते ती बहुतेक वेळा वर्षानुवर्षं मुरलेल्या तेलानं मऊ झालेल्या लाकडाला.

आणि खंडेनवमी. तुमच्या घरात शस्त्रपूजा होत असणारच, तिथे वाद घालायची गरज नाही. पण पाटावर ठेवायची ती रिकामी, मोडलेल्या अवस्थेत, आणि काडतुसं पूजेला मांडायची नाहीत. ओलं हळदकुंकू थेट लोखंडावर नको. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात दुकानात येणाऱ्या निम्म्या बंदुकांवर हळदीच्या बोटांचे गंजलेले ठसे असतात. दस्त्याच्या लाकडाला बोट लावा आणि संध्याकाळी पुसून, तेल लावून, पेटीत. पूजा होईपर्यंत मोठ्या माणसानं तिथून उठायचं नाही. वहिनींना हाच एक दिवस मुलांना चार गोष्टी सांगायला वापरता येईल. बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्याला सांगायचं. नऊ वर्षांच्या मुलाला हे कळतं. चार वर्षांच्याला सांगून उपयोग नाही, त्याच्यासाठी कुलूपच.

आता सगळ्यात निकडीचं, जे तुम्ही विचारलंच नाही. आज या घडीला परवाना तात्यांच्या नावावर आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, यातलं जे आधी घडेल त्यानंतर तो हयात असतानाच कायदेशीर वारसाला परवाना मिळू शकतो, आणि तात्या दोन्ही बाजूंनी बसतात. म्हणजे तुमचा अर्ज रीतसर आहे. पण अर्ज मंजूर होईपर्यंत तुम्ही त्या बंदुकीचे कुणी नाही. तात्यांच्या समोर, किंवा त्यांच्या लेखी परवानगीनं दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा त्यांच्याच वापरासाठी तेवढी तुम्ही नेऊ शकता. एकट्यानं मळ्यात नेऊन ठेवायचा तुमचा बेत म्हणजे चक्क विनापरवाना ताबा झाला असता.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. तात्यांना बरोबर घेऊन, परवाना आणि बंदूक घेऊन, सेफ कस्टडी असलेल्या दुकानात जा आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत ती तिथे जमा करा. वहिनींनाही न्या. पावतीवर नंबर कसा लिहितात, रजिस्टर कसं असतं, सोडवायला काय लागतं, हे त्यांनी डोळ्यांनी बघू द्या. पावतीची एक प्रत त्यांच्याकडे राहू द्या. निकाल लागल्यावर घरी आणायची की नाही यावर तेव्हा बोला, त्याला पाच-सहा महिने सहज लागतील आणि तेवढ्या काळात घरातली हवा निवळते. तात्यांना वाईट वाटेल. तीस वर्षं दाराआड असलेली वस्तू गेली की त्या पिढीच्या माणसाला घर उघडं पडल्यासारखं वाटतं. त्यांना सांगा की ती विकलेली नाही, परवाना त्यांच्याच नावावर आहे, आणि हवी तेव्हा जाऊन बघता येते. आमच्याकडे असे दोन-तीन म्हातारे बाजाराच्या दिवशी येतात, आपली बंदूक काढायला लावतात, हात फिरवतात, चहा घेतात आणि जातात.

जाताना देव्हाऱ्यातली ती जुनी काडतुसंही न्यायला विसरू नका. कागदी आवरणाची असतील तर दमट हवेनं फुगलेली असतील, ती चेंबरमध्ये घालून बघू नका. पितळेला हिरवं आलं असेल तर ते खरवडू नका. विहिरीत टाकणं, चुलीत टाकणं, पोरांना खेळायला देणं, हे सगळे प्रकार मी ऐकलेत. दुकानात परवान्यासकट द्या, ते नोंद करून ताब्यात घेतील.